भिंतीतला डोंगर

आमच्या स्वयंपाकघराची भिंत टकटक करायला लागली, तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. मला सगळ्याचंच काही ना काही वाटतं, म्हणून तर घरातले मला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतात. खरं नाव प्रवरा धिंदळे. हाक मारताना परू.

आवाज अगदी साधा होता. टक्. मग बराच वेळ शांतता, आणि पुन्हा टक्. आई म्हणाली, “पाल असेल.” दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “नवा कूड आहे, बसतोय जागेवर.” कूड म्हणजे कारवीच्या काठ्या एकमेकींना बांधून केलेली भिंत. आमच्या वाडीत सगळी घरं अशीच आहेत. घराच्या छपरावर वीज देणारी सूर्यतावदानं, दारात आवाज ओळखणारं कुलूप, आणि भिंती मात्र पणजोबांच्या काळातल्यासारख्या कारवीच्याच. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि भूकंपात भिंत डोक्यात पडली तरी टेंगूळ येण्यापलीकडे काही होत नाही.

पण मी घाबरले होते त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी दरीपलीकडच्या वाडीवर दरड कोसळली होती. सूचना वेळेवर मिळाली म्हणून माणसं आणि जनावरं वाचली, घरं मात्र गेली. तिथली माझी मैत्रीण हौसा सांगते की आदल्या दिवशी त्यांच्या घराचे खांब असेच टकटक वाजत होते. आमची वाडीही डोंगराच्या कुशीतच आहे. त्या डोंगराला आम्ही ‘पाठ’ म्हणतो, कारण तो आमच्या पाठीशी उभा असतो. आणि यंदा ही पाठ उघडी पडली होती.

झालं होतं असं. गेल्या श्रावणात पाठीवरची सगळी कारवी एकदम फुलली. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. खालपासून कड्यापर्यंत डोंगर नुसता जांभळा झाला होता. मग फुलं गळली, आणि दिवाळीनंतर कारवी वाळायला लागली. वाळलेली कारवी म्हणजे आमच्यासाठी नव्या भिंती. फुलोऱ्याच्या पुढच्या वर्षी कूड बदलायचा ही वाडीची जुनी रीत. पूर्वी माणसं कोयत्याने तोडायची, डोक्यावरून मोळ्या आणायची, आणि दमली की थांबायची. यंदा वाडीकडे खेकडा होता.

खेकडा म्हणजे सहा पायांचा यंत्रमानव. वाडीने मिळून तो आणला आहे आणि घरोघर त्याच्या पाळ्या लागतात. ज्याची पाळी त्याचं तो ऐकतो. कड्यावर जिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते, तिथे तो सरळ चालत जातो. त्याने महिनाभरात अख्खी पाठ कापून खाली आणली. सगळे खूश झाले. फुकट आणि एकदम मिळाल्यावर कोण सोडतं?

होळीनंतर दरडींची आगाऊ सूचना देणाऱ्या दरड केंद्रातल्या रोंगटेबाई आल्या. त्यांनी उघड्या डोंगराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “मेलेली मुळं एक-दोन पावसाळे माती धरतील,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात नवी मुळं आली नाहीत, तर मी तुम्हाला इथे राहू देऊ शकणार नाही. वाडी खाली सपाटीवर हलवावी लागेल.”

“कारवी काय, तोडली तरी फुटते,” दादा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचंही चूक नव्हतं. एरवी कारवी तोडली की बुडख्यातून पुन्हा कोंब येतात. मी मात्र त्या दिवसापासून रोज डोंगर चढून बुडखे बघत होते. एकालाही कोंब नव्हता. आणि आता भिंत बोलायला लागली होती.

मी पायात चपला घालूनच झोपायला लागले. उशाशी एक पिशवी: तिच्यात विजेरी, गूळ आणि आमच्या शेळीचं दावं. आई म्हणाली, “शेळीला सोडून दावंच घेऊन पळशील, बघ.”

हसायला काय जातं? मी धाकल्या आजोबांकडे गेले.

धाकले आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. नाशिकच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता आमच्या शेजारच्या घरात राहतात. बियांवर त्यांचा विशेष जीव. ते आले, स्वयंपाकघरात पाटावर बसले. आईने भात ठेवला. थोड्या वेळाने टक्. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते.

“कधी होतो म्हणालीस आवाज?”

“आजोबा, आत्ताच झाला.”

“मला तर काही ऐकू आलं नाही, बाळ.”

आता शास्त्रज्ञालाच ऐकू आलं नाही म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? नंतर मला कळलं की त्यांच्या कानातलं यंत्र फार शहाणं आहे. माणसांचं बोलणं तेवढं ते आत सोडतं. भांडी, पंखे, टकटक, खडखड, सगळं कचरा समजून बाहेरच ठेवतं. पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, आपलंच डोकं बिघडलं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकडा आमच्या अंगणात उभा होता. आदल्या दिवशी आमची पाळी होती, आणि तो रात्रभर छपराच्या विजेवर बॅटरी भरून घेत होता.

“खेकड्या, डोंगर सरकतोय का रे?”

त्याने सहापैकी चार पाय जमिनीत रोवले. पायांतून त्याला जमिनीची थरथर कळते. मी श्वास धरून उभी राहिले.

“जमीन गप्प आहे,” तो म्हणाला. “भिंत बोलते आहे. मी रात्रभर इथेच होतो. रात्री भिंत बोलली नाही. पहाटे पाणी तापवलं तेव्हा बोलली. चहाच्या वेळी बोलली. प्रवरा, या दोन्हींत समान काय आहे?”

“चूल.”

“काल दुपारी पापड भाजले. चूल होती. भिंत बोलली नाही.”

मी विचार केला. पाणी, चहा, भात. पापड मात्र नाही. “वाफ!”

“तपासून पाहा,” खेकडा म्हणाला. तो नेहमी एवढंच म्हणतो. शाबासकी देणं त्याच्यात घातलेलंच नाही.

मी आईची कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली आणि भिंतीवर पाणी मारलं. काहीच झालं नाही. पुन्हा मारलं. एवढा वेळ गेला की मी बाटली ठेवायला वळले, आणि मागून टक्, टक् टक्, टक्. काहीतरी माझ्या मानेवर बसलं. काहीतरी खेकड्याच्या डोळ्याच्या काचेवर आपटलं.

“माझ्यावर दगडफेक झाली,” तो म्हणाला.

जमिनीवर चपट्या, तपकिरी, नखाएवढ्यासुद्धा नसलेल्या चकत्या पडल्या होत्या. भिंतीत नीट पाहिलं तर काठ्यांच्या शेंड्यांना वाळकी बोंडं लटकत होती, काही मधोमध उकललेली. बाकीच्या घरांत कूड बांधताना शेंडे मोडून टाकतात. दादांना लग्नाला जायची घाई होती, म्हणून त्यांनी शेंड्यांसकट काठ्या बांधल्या. आई त्याला आळस म्हणते आणि त्यावरून त्यांना रोज टोमणे मारते. तोच आळस आज आमच्या कामी येणार होता.

मी चकत्या आणि एक उकललेलं बोंड ओंजळीत घेऊन आजोबांकडे धावले. त्यांनी एक चकती भिंगाखाली धरली आणि उलटून पालटून पाहिली. मग म्हणाले, “परू, हे तर बी आहे. कारवीचं. जिवंत.”

“भिंतीत बी?”

“बस इथे. पहिल्यापासून सांगतो. गेल्या श्रावणात तू कारवीचं फूल हातात घेतलं होतंस. आत काय होतं?”

“मध्ये एक लांब दोरा. आणि बाजूला बारीक काड्या, टोकाला भुकटी.”

“त्या काड्या म्हणजे पुंकेसर (फुलाचा नर भाग). भुकटी म्हणजे परागकण. मधला दोरा म्हणजे स्त्रीकेसराचा (फुलाच्या मादी भागाचा) दांडा. त्याचं टोक चिकट असतं आणि तळाशी असतो अंडाशय (जिथे बी तयार होतं ती पिशवी). आता अडचण बघ. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या त्या चिकट टोकावर पोचायला हवेत. आणि झाडाला तर पाय नाहीत.”

“मग मधमाश्या.”

“मधमाशी काही झाडाची नोकर नाही. ती येते मधासाठी. आत डोकं घालते, अंगाला पराग लागतात, पुढच्या फुलात गेली की तिथे पुसले जातात. तिला पत्ताही नसतो. याला म्हणतात परागीभवन (पराग फुलातून फुलात पोचणं). मग पराग त्या टोकावर रुजतो, त्यातून एक सूक्ष्म नळी खाली अंडाशयापर्यंत उतरते, नर आणि मादी पेशींचं मीलन होतं, आणि बी धरतं. त्यानंतर फूल गळतं. आपण म्हणतो फूल मेलं. खरं तर त्याचं काम झालेलं असतं.”

दारातून खेकड्याचा आवाज आला. “श्रावणात माझ्या सांध्यांत धूळ गेली होती. मी तक्रार केली होती. कुणी लक्ष दिलं नाही.”

मला आठवलं. खेकड्याच्या पायांना जांभळं आवरण आहे, आणि कारवी फुलली तेव्हा मधमाश्या त्याच्या पायांवर येऊन बसायच्या. तो तसाच फुलांमधून फिरायचा.

“ती धूळ नव्हती रे,” आजोबा हसले. “पराग होते. तू फुलांना घासत चालत होतास. थोडं परागीभवन तूसुद्धा केलंस.”

“मला मध मिळाला नाही,” खेकडा म्हणाला.

“पण आजोबा, सगळी कारवी एकाच वर्षी का फुलते?”

“थोडी थोडी फुलली असती तर उंदीर, किडे, पाखरं यांनी सगळं बी फस्त केलं असतं. सगळा डोंगर एकदम बियांनी भरला की खाणाऱ्यांची पोटं भरूनही बी उरतं, असं आम्हा लोकांना वाटतं. कारवी सात वर्षं पानांत, खोडात शिदोरी साठवते आणि सगळी एका फुलोऱ्यात ओतते. मग ती मरते. आता प्रश्न: बी झालं, पण ते जमिनीवर पोचणार कसं? सावरीचं बी कापसाला धरून वाऱ्यावर जातं. उंबराचं बी पाखराच्या पोटातून जातं. आघाड्याचं तुझ्या परकराला चिकटून जातं. कारवीचं?”

मी भिंगाशेजारच्या बोंडाकडे पाहिलं. आमच्या अंगणात अबोली आहे. तिच्या वाळक्या बोंडांना थुंकी लावून आम्ही ती फटकन फोडतो. सगळी पोरं फोडतात. पण अबोलीचा आणि भिंतीचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? “अबोलीसारखं,” मी म्हणाले. “पाणी लागलं की फुटतं.”

“अबोली कारवीच्याच कुळातली. बोंड वाळतं तशी त्याची दोन्ही शकलं बाहेर वाकायला बघतात, पण मधला सांधा त्यांना घट्ट धरून ठेवतो. ताणून धरलेल्या गलोलीसारखं. पाणी लागलं की सांधा ढिला पडतो, शकलं ताडकन उघडतात, आणि बियांखाली बारीक आकडे असतात ते बी उडवून देतात. याला म्हणतात बीजप्रसार (बी दूर पोचवणं). आणि हे पाण्यानेच का व्हावं, सांग?”

“कारण... उन्हाळ्यात बी पडलं तर नुसतं वाळेल. मुंग्या नेतील. पाऊस आला की मगच पडलेलं बरं.”

“बरोब्बर. आई वाळून गेली तरी पहिला पाऊस येईपर्यंत बी मुठीत धरून उभी राहते. त्या बीला बारीक लवही असते. ती भिजून फुगते, चिकट होते आणि उतारावरच्या मातीला धरून बसते. बी फार लांब जायची गरजच नाही. आईने जागा मोकळी केलेली असते ना.”

मला हे इतकं आवडलं की क्षणभर मी काळजी करायचीच विसरले. मग आजोबांनी अगदी हळू विचारलं, “परू, मग आत्ता ते सगळं बी कुठे आहे?”

मी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. तिथे बुडखे होते आणि माती. एकही वाळकी काठी उभी नव्हती. एकही बोंड नव्हतं. पूर्वी माणसं दमायची म्हणून वरची अर्धी कारवी तशीच राहायची आणि पावसात फुटायची. खेकडा दमत नाही.

“खेकड्याने खाली आणलं,” मी म्हणाले. “सगळा डोंगर खाली आणला.”

“मला कापायला सांगितलं होतं,” खेकडा म्हणाला. “मी चूक केली का?”

“तुझी नाही रे. सगळ्यांचीच,” आजोबा म्हणाले. “फुललेली कारवी बुडख्यातून पुन्हा फुटत नाही. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं. आणि हे बी गेलं तर पुढच्या सात वर्षांनी फुलायला इथे कारवीच नसेल. शेंडे कुठे टाकले लोकांनी?”

तेवढ्यात आईची हाक आली. “परे, दादा राब भाजायला गेलेत. भाकरी नेऊन दे त्यांना.”

राब म्हणजे काय ते सांगते. भाताची रोपं करायच्या जागेवर आमच्याकडे पालापाचोळा आणि काटक्या पसरून जाळतात, म्हणजे तण मरतं आणि राख खताला होते. यंदा त्यासाठी सगळ्या वाडीने एकच वस्तू रचली होती: कारवीचे मोडलेले शेंडे. तीन मोठे ढीग. आजोबांनी आणि मी एकदमच खाली पाहिलं. शेतावर धूर दिसत होता.

मी पळाले. भाकरीचं फडकं एका हातात, पाण्याचा तांब्या दुसऱ्या हातात, का ते मलाही माहीत नाही. मागून खेकडा खडखडत येत होता. वाटेत मला एवढंच दिसत होतं की आम्ही सामान डोक्यावर घेऊन खाली सपाटीवर चाललोय, आणि मागे पाठ एकटी उभी आहे.

पोचले तेव्हा पहिला ढीग धडधडून पेटला होता. दादा आणि गेनूतात्या दुसऱ्याजवळ उभे होते. गेनूतात्या वाडीचे म्हातारे, राबाला पहिली काडी त्यांचीच. त्यांच्या हातात पेटता पलिता होता.

“तात्या, पेटवू नका. त्यात डोंगर आहे.”

गेनूतात्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी कपाळाला हात लावला. “आमचं काळजीवाहू सरकार आलं,” ते म्हणाले. “परे, सर बाजूला, चटका बसंल.”

“खेकड्या, पाणी मार,” मी ओरडले. त्याच्या पोटात पातं गार ठेवायची टाकी आहे.

“आज पाळी गेनूतात्यांची आहे,” खेकडा म्हणाला. “त्यांनी सांगितलं तरच.”

मग मी मुकाट्याने तांब्या उचलला आणि दुसऱ्या ढिगाच्या कडेला ओतला.

“अगं, राब भिजवतीस?” तात्या खरंच चिडले. “राब नाय भाजला तर तण माजंल. भात खायचा का नाय वर्षभर?”

मी ढिगाकडे बघत होते. तो गप्प होता. स्वयंपाकघरातही वेळ लागला होता, मला माहीत होतं, पण समोर पलिता होता आणि मागे आग. कुणीतरी हसलं. दादा माझा दंड धरायला पुढे आले. मला रडू यायला लागलं. आणि टक्.

मग टक् टक्. मग पावसाच्या थेंबांसारखं टकटक टकटक, ओल्या कडेवरून बिया उडायला लागल्या. एक तात्यांच्या कपाळावर बसली. त्यांनी ती काढून तळहातावर घेतली.

“काय हाये हे?”

“कारवीचं बी. अजून जिवंत आहे. ते पावसाची वाट बघत होतं. फुललेली कारवी बुडख्यातून फुटत नाही, तात्या. हेच एक बी आहे. आपण ते डोंगरावरून उचलून इथे आणलं.”

गेनूतात्यांनी बी पाहिलं, जळणारा ढीग पाहिला, आणि मग मान वर करून पाठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराने असेल किंवा नसेल.

“म्हंजे आपण नातवंडांचा डोंगर जाळाया बसलो व्हतो,” ते म्हणाले, आणि पलिता मातीत खुपसला. “खेकड्या, इझीव ती आग. आन मग उचल समदं.”

पहिल्या ढिगातलं फारसं काही वाचलं नाही. उरलेले दोन वाचले. राबासाठी पातेरा (वाळका पाला) आणि शेणी गोळा करायला वाडीतली सगळी पोरं रानात गेली. आणि मोठ्या माणसांनी शेंडे पुन्हा डोंगरावर न्यायला सुरुवात केली, आजोबा सांगतील तसे. शेंडे नुसते टाकले तर वारा उडवून नेईल, म्हणून उतारावर आडवे ठेवायचे, वर दगड. कड्याजवळ माणसांना जाता येत नाही, तिथे खेकडा. आता सगळ्यांनी आपापल्या पाळ्या त्याला या एकाच कामाला दिल्या होत्या. वर जाताना तो एकदा मला म्हणाला, “आधी मधमाशी, आता वारा. माझं काम वाढतच चाललं आहे.”

आमचा स्वयंपाकघराचा कूड दादांनी स्वतः सोडला. त्यातले शेंडे सगळ्यांत चांगले निघाले, न मोडलेले. “बघ, माझ्या आळसाने वाडी वाचली,” ते आईला म्हणाले. आई उघड्यावर स्वयंपाक करत होती. “वाचली का नाही ते पावसाळ्यात कळेल,” ती म्हणाली. “तोवर धूर मी खातेय.”

आणि मग वाट पाहायची होती. हे सगळ्यांत वाईट होतं. वळिवाची एखादी सर आली आणि बी लवकरच फुटलं तर? मुंग्यांनी नेलं तर? पुरेसं नसलं तर? मी रोज आजोबांना नवी काळजी नेऊन द्यायचे. त्यांनी एकदाही ‘काळजी करू नको’ म्हटलं नाही. “कर,” ते म्हणाले. “तू काळजी केलीस म्हणून भिंतीचं ऐकलंस. आम्हाला सगळं ठाऊक होतं, म्हणून आम्ही ऐकलं नाही.”

लोकांना पाऊस आवडतो. मला नाही आवडत. ज्येष्ठात ढग उतरले, तेव्हा मी चपलांचे बंद आवळले आणि पिशवी मांडीवर घेऊन उघड्या स्वयंपाकघरात बसले. आजोबाही येऊन बसले. पाऊस आला. डोंगर गप्प. मी खेकड्याकडे पाहिलं. त्याचे चार पाय जमिनीत रोवलेले होते. “जमीन गप्प आहे,” तो म्हणाला. हे चांगलं होतं. पण डोंगरही गप्प होता, आणि ते चांगलं नव्हतं.

मग सर जरा ओसरली, आणि ऐकू आलं. आधी कड्याकडून, मग मधून, मग अगदी घरामागून. टकटक टकटक टकटक, अख्खी पाठ वाजत होती. गेनूतात्या डोक्यावर इरलं न घेताच अंगणात येऊन उभे राहिले. दारादारांत माणसं उभी राहिली.

आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. “होतंय का गं?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्या कानामागचं यंत्र चाचपलं. तिथे एक बारीक कळ होती, ‘सगळे आवाज’ अशी. ती मी दाबली.

आजोबा दचकले. आधी त्यांनी दोन्ही हात कानांवर नेले, मग हळूहळू खाली घेतले. त्यांनी आयुष्यभर बियांवर शिकवलं होतं. फुललेल्या कारवीचा डोंगर फुटताना त्यांनी कधी ऐकला नव्हता, कारण पावसाळ्यात कॉलेज असायचं. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की दुखायला लागला.

त्या रात्री मी एका पायातली चप्पल काढून झोपले. एकच. दुसरी राहू दिली.

श्रावण लागता लागता रोंगटेबाई आल्या. आम्ही त्यांना पाठीवर नेलं. पहिल्या ढिगातलं बी जळालं होतं, त्यामुळे मध्ये एक लांबट पट्टा उघडाच होता. तिथे खेकडा बाजूची दाटलेली रोपं उचलून लावत होता, एका वेळी एक. बाकी उतारावर बोटभर उंचीची रोपं उभी होती, करकरीत पानांची, इतकी दाट की पाय कुठे ठेवावा कळेना. रोंगटेबाई खाली बसल्या. त्यांनी एक रोप मातीतून उपटायचा प्रयत्न केला. ते लगेच आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं, मग सोडून दिलं आणि हसल्या.

“राहा,” त्या म्हणाल्या.

ही कारवी फुलेल तेव्हा मी एकोणीस वर्षांची असेन. खेकड्याने त्याच्या कामांत एक नवा नियम घालून घेतला आहे: फुलोऱ्यानंतर डोंगर वाजल्याशिवाय पातं काढायचं नाही, पाळी कुणाचीही असो. मला अजून शंका आहे की त्या वर्षी मधमाश्या पुरेशा येतील का, आणि त्याच्या पायांचं जांभळं आवरण तोवर टिकेल का. ते मी दरवर्षी तपासणार आहे.

पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पिशवीतलं दावं काढून शेळीला बांधलं, गूळ खाऊन टाकला, आणि दुसरी चप्पलही दाराशी काढून ठेवली.